टँगो शिकायचाय? आधी थोडा इतिहास

मंडळी, ऑनसाईटला गेल्यावर वीकेंडला टँगोचा क्लास लावायचाय? मग पैसे भरण्याआधी एवढं लक्षात घ्या की त्या नावाचे नाच दोन आहेत.

मूळचा टँगो 19व्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओत जन्मला. 1913च्या सुमारास पॅरिस-लंडनला त्याचं वेड लागलं. 1920च्या दशकात इंग्रज नृत्यशिक्षकांनी तो ठरावीक पावलांत बसवला. हा झाला बॉलरूम टँगो. मूळ नाचात पावलं पाठ नसतात, जोडीदाराच्या कलाने जागच्या जागी सुचतात.

मग लोक शिकायचे कसे? त्या स्थलांतरितांच्या शहरात पुरुष जास्त. 'प्राक्तिका' म्हणजे सरावाच्या बैठकीत पुरुष पुरुषांबरोबरच नाचत आणि नवशिक्याला आधी बाईची बाजू शिकावी लागे. आपल्याकडे गोसीखुर्दच्या आसपास, वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत दंडारीतही स्त्रीपात्रं पुरुषच करत आले. क्लास-बिस काही नाही, जुन्यांचं बघून शिकायचं.

1955च्या लष्करी उठावानंतर टँगो ओसरला. 1983 मध्ये 'टँगो आर्जेंटिनो' हा कार्यक्रम पॅरिसला गाजला आणि पुढे जगभर क्लास निघाले. पण तो रंगमंचावरचा टँगो. तसे पाय गर्दीत उडवले तर शेजारच्याला लागतील!

तेव्हा आधी 'मिलोंगा'ला, म्हणजे नाचाच्या संध्याकाळी, नुसतं बघत बसा. गर्दीत कुणाला धक्का न लावता नाचणारा हेरा आणि कुठे शिकलास ते विचारा. त्याच्या गुरूला दोन्ही बाजू नाचता येत असतील, तर खुशाल नाव नोंदवा.