वेणी आणि परवाना

कोणत्या धंद्याला सरकारी परवान्याचें बंधन असावें आणि कोणत्या धंद्याला नसावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कायदेपंडितांचा वाटतो. परंतु तो एखाद्या कष्टाळू स्त्रीच्या पोटापाण्याशीं कसा येऊन भिडतो, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वेणी घालण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास चाळावा. कात्री नाहीं, वस्तरा नाहीं, रसायनें नाहींत. दोन हात, एक फणी आणि तासन्‌तास उभें राहण्याची चिकाटी, एवढेंच काय तें या धंद्याचें भांडवल. अशा धंद्यासाठीं अनेक राज्यांनीं हजारांहून अधिक तासांचें शिक्षण सक्तीचें केलें, आणि त्यांतून उपजलेला वाद पंचवीसांहून अधिक वर्षें न्यायालयांत व कायदेमंडळांत गाजत राहिला.

ही वेणी म्हणजे पाठीवर रुळणारी तिपेडी वेणी नव्हे. कुरळ्या केसांचे बारीक पेड टाळूलगत गुंफून शेतांतल्या सरींसारख्या ओळी काढण्याची ही कला पश्चिम आफ्रिकेंत फार जुनी आहे. आईनें लेकीला आणि थोरलीनें धाकटीला शिकवावी, अशीच तिची परंपरा. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेंत गेली. तेथें कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांवर सत्तेची दृष्टि पूर्वींपासूनच होती. स्पॅनिश अमलाखालील लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो यानें १७८६ सालीं फर्मान काढून, अशा स्त्रियांनीं केसांची आरास न मिरवतां डोकें रुमालानें झांकावें, असें बजाविलें होतें. पुढें केस सरळ करून घेण्याची चाल पडली. १९६० नंतर कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाची चळवळ उभी राहिली तेव्हां वेणीला पुन्हा प्रतिष्ठा आली, आणि घरची कला हळूहळू बाजारांतला व्यवसाय बनली.

परवान्याची कल्पनाही कांहीं अकारण उपजली नव्हती. वैद्यांना परवाना सक्तीचा करणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८८९ सालीं वैध ठरविला. अडाणी वैद्याच्या हातीं रोग्याचा जीव जातो आणि रोग्याला वैद्याची पारख करतां येत नाहीं, हें उघड होतें. मात्र त्याच निकालांत न्यायालयानें एक मापही घालून दिलें. मागितलेली पात्रता त्या धंद्याशीं संबद्ध असावी, आणि योग्य अभ्यासानें ती मिळवितां येण्याजोगी असावी. १८९७ सालीं मिनेसोटा राज्यानें न्हाव्यांसाठीं परवाना सुरू केला. मग इतर राज्यें त्या वाटेनें गेलीं आणि स्त्रियांचें केशप्रसाधनही कायद्याच्या कक्षेंत आलें. १९५० नंतरच्या दशकांत शेंकडा पांचांहून कमी कामगारांना परवाना लागत असे. २०१५ सालच्या व्हाइट हाउसच्या अहवालानुसार हें प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक झालें होतें.

केशप्रसाधनाचे हे कायदे केस कापणें, रंगविणें, रसायनानें कुरळे किंवा सरळ करणें, नखें व चेहरा यांची निगा राखणें, अशा कामांसाठीं लिहिलेले होते. परंतु ‘केसांची रचना’ या मोघम शब्दांत वेणीही ओढली गेली. विद्यालयांत वेण्यांचा धडा क्वचितच असे. शुल्क मात्र पुरें द्यावें लागे, आणि शिकण्याच्या काळांत कमाई बंद. वॉशिंग्टन शहरांतील तालिबदीन उकदा व पामेला फेरेल या दांपत्यानें १९९१ सालीं या सक्तीविरुद्ध दावा लावला. न्यायालयांत त्यांना यश आलें नाहीं; पण थोड्याच काळांत शहराच्या कायदेमंडळानें नियम बदलले. कॅलिफोर्नियांत १,६०० तासांची अट होती. प्राध्यापिका जोआन कॉर्नवेल यांच्या दाव्यांत संघीय न्यायालयानें १९९९ सालीं ती अट अशा केशरचनेला लावणें घटनाबाह्य ठरविलें. यूटा राज्यांत ही अट २,००० तासांची होती. सिएरा लिओन देशांतून आलेल्या एका तरुणीच्या दाव्यांत २०१२ सालीं तेथेंही तसाच निकाल लागला.

टेक्सासची हकीगत अधिक बोलकी आहे. डॅलस येथील इसिस ब्रँटली यांना परवान्याविना वेण्या घातल्याबद्दल १९९७ सालीं अटक झाली. पुढें २००७ सालीं राज्यानें वेणीसाठीं ३५ तासांचा निराळा परवाना निर्माण केला. परंतु ही कला शिकविण्याची शाळा काढावयाची तर ती न्हाव्यांच्या विद्यालयासारखी असली पाहिजे, असा नियम राहिला. म्हणजे २,००० चौरस फूट जागा, न्हाव्याच्या दहा खुर्च्या आणि केस धुण्याचीं किमान पांच कुंडें! वेणी घालण्यास पाणी लागत नाहीं, मग कुंडें कशाला, या प्रश्नाला उत्तर मिळेना. केवळ वेणी शिकविणारी आणि हे सर्व नियम पाळणारी एक तरी शाळा राज्याला दाखवितां आली नाहीं. २०१५ च्या जानेवारींत न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनीं हे नियम रद्द ठरविले, आणि त्याच वर्षीं कायदेमंडळानें वेणीला परवान्यांतूनच मुक्त केलें.

परंतु दुसरी बाजू पोकळ आहे असें मानणें अन्यायाचें होईल. केस फार ताणून बांधल्यास ते मुळांपासून झडतात आणि कालांतरानें कायमचें टक्कलही पडतें. अस्वच्छ फणीनें टाळूचे रोग एकीकडून दुसरीकडे जातात. शिवाय, कायदा शहाणपणाचा आहे कीं नाहीं हें लोकप्रतिनिधींनीं ठरवावें, न्यायाधीशांनीं नव्हे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें १९५५ सालीं ओक्लाहोमांतील चष्मे विकणाऱ्यांच्या खटल्यांत दृढ केला होता. याच आधारावर मिसूरी राज्याची १,५०० तासांची अट आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयानें २०१८ च्या जानेवारींत कायम केली. त्या अभ्यासक्रमाचा सुमारें दशांशच वेणीशीं संबद्ध असल्याचें पुढें आलें होतें, तरीही.

गंमत अशी कीं, न्यायालयांत जिंकलेल्या मिसूरीनें त्याच वर्षीं आपला कायदा आपणहून बदलला. नांवनोंदणी करावी आणि स्वच्छतेविषयीं चित्रपटाच्या रूपानें दिलेला छोटासा पाठ पाहावा, एवढीच अट उरली. मिसिसिपी राज्यानें तर ही वाट २००५ सालींच धरली होती. तेथें माफक शुल्क भरून नोंद करणें आणि आरोग्याचे नियम पाळणें पुरेसें ठरलें. आतां तिसांहून अधिक राज्यांत वेणीसाठीं परवाना लागत नाहीं.

या इतिहासावरून सर्वच परवाने निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. शस्त्रवैद्याची चूक रोग्याला कळते तेव्हां वेळ निघून गेलेली असते. तेथें पूर्वपरीक्षा हवीच. वेणी आवडली नाहीं तर ती उकलतां येते, आणि ती डोक्याला ओढूं लागली तर बसल्या जागीं सांगतां येतें. उरतो तो स्वच्छतेचा व ताणाचा धोका. त्यावर थोडक्या तासांचें नेमकें शिक्षण, नोंदणी आणि वेळोवेळची तपासणी हा उपाय पुरतो. ज्या पाठ्यक्रमांत वेणीच नाहीं तो हजारों तास पढविल्यानें वेणी निर्धोक होत नाहीं. गरीब स्त्रीचा धंदा मात्र चोरीचा ठरतो, आणि चोरून चालणाऱ्या धंद्याची तपासणी तरी कोण करणार? पात्रतेचा धंद्याशीं मेळ असावा, हें १८८९ सालचें साधें माप पुढील कायदे करतांना हातीं ठेवलें असतें, तर या स्त्रियांना आपल्या आईनें शिकविलेल्या कलेसाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.