गवताच्या बियांची सुगी

गवताचे बी पुरते पिकले की वाऱ्यासरशी गळून जाते. म्हणून अमेरिकेतील ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यातला शेतकरी ते ओलसर असतानाच, दवाच्या वेळी कापून ओळींनी पसरतो. वाळले की यंत्राने मळतो. मुळे जमिनीत जिवंत राहतात, पुढल्या साली पुन्हा फुटतात.

परंतु काडात बुरशीरोगही उरतो. तो मारण्यासाठी १९४० च्या दशकात शेते पेटवू लागले. पीक सुधारले, आभाळ काळवंडले. ३ ऑगस्ट १९८८ रोजी तो धूर हमरस्त्यावर उतरला; गाड्यांवर गाड्या आदळून ७ माणसे दगावली. अखेर २००९ च्या कायद्याने बहुतेक जाळणी थांबली. आता तेच काड गठ्ठे बांधून जपान-कोरियातील गुरांसाठी धाडतात.

वाचकहो, जे जाळायचे म्हणून जाळले, ते चारा होते!