बिनतारी ओळख

श्रोतेहो, भोर तालुक्यांतील भाटघर हें नांव आपणांपैकीं पुष्कळांस तेथील धरणामुळें परिचित असेल. वेळवंडी नदीवरील हें दगडी धरण 1928 सालीं पुरें झालें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरलें, म्हणजे त्याचे 45 स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी गर्जना करीत खालीं झेपावतें. मी गेल्या श्रावणांत तेथें गेलों तो मात्र माझ्या शाळेंतील गुरुजींना भेटण्यासाठीं; आणि गुरुजींच्या कानांत त्या वेळीं निराळाच नाद घुमत होता.

गुरुजींचें वय ऐशींच्या पुढें. दोन्ही कानांस श्रवणयंत्रें. परगांवीं असलेल्या मुलीनें त्यांना नवा स्मार्टफोन घेऊन दिला, आणि फोनवरील बोलणें थेट कानांत यावें म्हणून तीं यंत्रें त्यास बिनतारी जोडून दिलीं. आठ दिवस सर्व सुरळीत चाललें. पुढें मुलीचें बोलणें ऐकूं येईनासें झालें, आणि भलत्याच वेळीं कानांत घंटा नि ढोल वाजूं लागले. गुरुजी मला हळूच म्हणाले, “अरे, माझ्या कानांत वाजंत्री वाजते आणि घरांत दुसऱ्या कोणाला ती ऐकूं येत नाहीं. आतां डोकें फिरलें म्हणायचें कीं काय?” ही गोष्ट त्यांनीं सुनेस सांगितली नव्हती, मुलीसही नाहीं. स्वर थट्टेचा होता. परंतु भीति लपत नव्हती.

हें कोडें उलगडण्यास थोडें मागें जावें लागेल.

बिनतारी संदेशाचा मूळ स्वभाव दवंडीसारखा आहे. तारेंतून गेलेला शब्द तारेच्या टोकाशींच पोंचतो. आकाशांत सोडलेला शब्द चहूंकडे पसरतो आणि ज्याच्यापाशीं यंत्र आहे त्या प्रत्येकाच्या हातीं लागतो. म्हणून बिनतारी विद्येचा इतिहास हा बऱ्याच अंशीं, ही दवंडी दोघांपुरती कशी करावी, याचाच इतिहास आहे. मार्कोनी यांनीं 1900 सालीं 7777 या क्रमांकाचें पेटंट मिळविलें, तें याच खटपटीचें फळ. दोन केंद्रांचा सूर एक असला म्हणजे तीं एकमेकांचेंच ऐकतील, ही त्यांतील कल्पना. परंतु 1903 च्या जून महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फ्लेमिंग या शास्त्रज्ञांचें व्याख्यान चालू असतां, नेव्हिल मॅस्केलीन नांवाच्या जादूगारानें जवळच आपलें यंत्र मांडून मार्कोनींची टवाळी करणारे शब्द तेथील यंत्रावर उमटविले. सूर जुळविणें आणि परक्यास दूर ठेवणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

आपल्या पुणें जिल्ह्यानेंही या इतिहासांत वांटा उचलला आहे. 1927 सालीं इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची जी ‘बीम’ योजना सुरू झाली, तींत संदेश धाडण्याचें केंद्र खडकीस होतें व घेण्याचें दौंडास. येथें लाट चहूंकडे न उधळतां एका दिशेस झोंकण्यांत येई. तरीही वाटेंत कोणी कान देऊन बसला तर त्यास अडविणार कोण?

पुढची युक्ति सुचली ती एका चित्रपटनटीस. हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल या दोघांना 1942 सालीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. टॉर्पेडोस दिशा दाखविणारा संदेश शत्रूनें बिघडवूं नये म्हणून धाडणारा व घेणारा या दोघांनीं क्षणोक्षणीं एकदमच सूर बदलावा, आणि बदलाचा क्रम दोघांनाच ठाऊक असावा, अशी ती योजना होती. पियानोला 88 पट्ट्या, म्हणून सूरही त्यांनीं 88 च योजिले. अमेरिकन आरमारानें त्या वेळीं ती कल्पना बाजूस ठेवली.

याच जातीची युक्ति आपल्या खिशांत आहे. स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनींत याप हार्टसेन यांनीं 1994 सालीं जें काम आरंभिलें, त्यांतून ‘ब्लूटूथ’ निघालें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅरल्ड याचें हें टोपणनांव. मूळ ब्लूटूथमध्यें दोन यंत्रें 79 सुरांमधून सेकंदास 1600 वेळां उड्या घेतात. शिवाय पहिल्या भेटींत तीं एक गुप्त किल्ली ठरवितात आणि प्रत्येक यंत्र ती आपल्यापाशीं जपून ठेवतें. यासच ‘पेअरिंग’ म्हणतात. 2007 पासून, दोन्हींकडे पडदा असल्यास, सहा आंकडे दोन्ही पडद्यांवर दाखवून ते जुळतात कीं नाहीं हें मालकास पाहावयास सांगण्याची सोयही झाली.

आतां गुरुजींकडे वळूं. त्यांचा जुना फोन नातवास खेळावयास दिला होता आणि त्याची श्रवणयंत्रांशीं असलेली ओळख कोणीं पुसलीच नव्हती. सकाळीं यंत्रें कानांत घातलीं, कीं जो ओळखीचा फोन आधीं भेटे त्यास तीं जोडलीं जात. नातू पलीकडच्या खोलींत खेळे आणि त्या खेळांतील ढोल आजोबांच्या कानांत वाजत!

उपाय ओळखीच्या नियमांतूनच निघाला. प्रथम जुन्या फोनच्या यादींतील यंत्रांपुढें ‘विसरा’ हें बटण दाबलें आणि मग त्यावरील ब्लूटूथ बंद केलें. नव्या फोनवरही तेंच केलें. कारण एकानें किल्ली टाकली आणि दुसऱ्यानें जपली, तर दोघांचें जमत नाहीं. मग श्रवणयंत्रें बंद करून पुन्हां चालू केलीं. पुष्कळ श्रवणयंत्रें अशा वेळीं कांहीं मिनिटेंच नव्या ओळखीस तयार असतात. तेवढ्यांत तीं फोनच्या यादींत शोधून जोडून घेतलीं. आवाज तुटक येत असेल तर फोन जवळ आणावा आणि चालू मायक्रोवेव्ह भट्टीपासून दूर व्हावें; तिचा व ब्लूटूथचा पट्टा एकच आहे.

संध्याकाळीं मुलीचा फोन आला. गुरुजींनीं प्रथम तिला ढोलांची हकीकत सांगितली आणि मग नातवास बोलावून, कोणता खेळ इतका गाजत होता, तो दाखव म्हणाले.

श्रोतेहो, आपल्या घरांतील वडील माणूस फोनवर उत्तर देईनासें झालें, किंवा कांहीं विचित्र ऐकूं येतें म्हणूं लागलें, तर लक्षण हंसण्यावारी नेऊं नये. वैद्यास अवश्य विचारावें. परंतु त्याबरोबरच घरांतील जुने फोन कोणाकोणास अजून ओळखतात, तेंही एकदां पाहावें.