जुना खेळ, नवे इंजिन : प्रस्तावना

जुना कन्सोल-खेळ आजच्या इंजिनात पुन्हा बांधायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी चित्रे येतात: ठिपक्यांच्या नायकाला रेखीव चेहरा, सावल्या, पाण्यावरचा प्रकाश. या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करून मी त्याला आधी उडीकडे बघायला सांगेन.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून मिळणाऱ्या, निन्टेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल असलेल्या यंत्रांवर अनेकांनी तो खेळला आहे. बटण दाबून धरले की मारिओ उंच जातो, सोडले की लवकर खाली येतो. कारण वर जाताना बटण दाबलेले असेपर्यंत खेळ गुरुत्वाकर्षण कमी ठेवतो. पळत येऊन मारलेल्या उडीचे आकडे उभ्या उडीपेक्षा वेगळे. सगळा हिशेब पूर्णांकांत, आडवा वेग पिक्सेलच्या सोळाव्या भागांत, आणि हे सारे सेकंदाला साधारण ६० वेळा. आता तोच खेळ युनिटी या आजच्या इंजिनात बांधायला घ्या. तिथे भौतिकीचा हिशेब मुळात सेकंदाला ५० वेळा होतो, आकडे दशांशात असतात आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीचे, ९.८१. हे तसेच ठेवले तर पडद्यावर मारिओ हुबेहूब दिसेल, पण बोटांना तो परका लागेल.

हा परकेपणा अनुभवी संघांनाही चुकलेला नाही. ‘क्रॅश बँडिकूट’चे पहिले तीन खेळ २०१७ मध्ये व्हिकॅरियस व्हिजन्सने नव्याने बांधले. हाताळणीसाठी तिसऱ्या खेळाची, ‘वॉर्प्ड’ची, घडण पायाभूत धरली. पहिल्या खेळातल्या उड्या पूर्वीपेक्षा कठीण झाल्याचे खेळाडूंना लगेच जाणवले. क्रॅश आता जरा वेगाने खाली येतो आणि टक्कर ओळखण्याची पद्धतही बदलली आहे, असे प्रकाशकांनीच मग सांगितले. खड्डे जुन्या मापाचे, उडी मात्र नवी. माझ्या मते या विषयाचा पहिला धडा इथेच आहे.

मग यंत्राच्या उणिवांचे काय करायचे? फॅमिकॉम एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या दाखवू शके. गर्दी झाली की त्या लुकलुकत. ते लुकलुकणे काढून टाकले तर सहसा कोणी हळहळत नाही. ‘सायलेंट हिल’चे (१९९९) धुके मात्र वेगळे. प्लेस्टेशनला दूरचे रस्ते रेखाटणे झेपत नव्हते, ते या धुक्याने झाकले, आणि त्या खेळाची भीती त्या धुक्यातच मुरली. आजचे इंजिन मैलभर दाखवू शकते. म्हणून तिथे मैलभर दाखवावे का? असा निवाडा प्रत्येक खेळापुरता स्वतंत्र करावा लागतो, आणि मला या अभ्यासाची खरी ओढ त्यासाठीच वाटते.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण ‘वंडर बॉय : द ड्रॅगन्स ट्रॅप’चे. सेगा मास्टर सिस्टमवरचा हा १९८९ चा खेळ लिझार्डक्यूबने २०१७ मध्ये पुन्हा आणला. मास्टर सिस्टमची संगणकावर नक्कल करणारा एम्युलेटर लिहिलेल्या ओमार कॉर्नट यांनी मूळ यंत्रभाषेतला कोड उकलून वाचला. बेन फिके यांनी चित्रे हाताने नव्याने काढली. खेळता खेळता एक बटण दाबले की जुनी चित्रे परत येतात. जुने पासवर्डही चालतात. मूळ कृतीबद्दलचा इतका आदर आणि इतकी निर्भय नवनिर्मिती एकत्र क्वचितच दिसते.

कायद्याची बाजू आधीच जाणून घ्यावी. ‘मेट्रॉइड २’ची चाहत्यांनी अनेक वर्षे खपून केलेली ‘एएमटूआर’ ही आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध होताच निन्टेंडोने हटवायला लावली. पुढच्याच वर्षी अधिकृत आवृत्ती आली. शिकण्यासाठी बांधणे आणि लोकांत वाटणे यांत हे अंतर आहे.

सुरुवात लहान ठेवा. एकच उडी घ्या. इंजिन उघडण्याआधी मूळ खेळाचे सेकंदाला ६० चौकटींचे चित्रण करा आणि पाय जमिनीवरून सुटल्यापासून शिखरापर्यंतच्या चौकटी मोजा. मग शिखरापासून पुन्हा जमिनीपर्यंतच्या. हे दोन आकडे बहुधा सारखे येणार नाहीत.