पार्टिशनची कुळकथा

पार्टिशन म्हटलं की मराठी माणसाला आधी प्लायवूडची भिंत आठवते. पनवेलजवळच्या कोनमध्ये २०१६ साली गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत निघाली. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या योजनेतल्या तिथल्या मूळ खोल्या १६० चौरस फुटांच्या. दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं एक घर धरलं गेलं. राहणारा बदलला, तसा भिंतीचा हिशेब बदलला. लिनक्ससाठी नवी डिस्क विभागताना मात्र आपण जुनीच यादी उतरवून घेतो: रूट, यूएसआर, व्हार, होम आणि रॅमच्या दुप्पट स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा.

या यादीचं मूळ अडचणीत आहे. १९७१च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-११वर युनिक्स घडवत होते, तेव्हा एकेका डिस्कवर तीन एमबीसुद्धा मावत नव्हते. पहिल्या डिस्कवर प्रणाली मावेना, म्हणून तिचा काही भाग वापरकर्त्यांच्या फायली असलेल्या दुसऱ्या डिस्कवर, यूएसआरमध्ये गेला. ही सोय होती, सिद्धांत नव्हता. पुढे तिला सिद्धांताचे कपडे चढवले गेले, आणि २०१२ साली फेडोरा १७ने बिन आणि यूएसआर-बिन या प्रोग्रॅमांच्या डिरेक्टऱ्या एक केल्या तेव्हा कुठे ते उतरू लागले. पीसीवरच्या चार प्राथमिक पार्टिशनांची मर्यादाही अशीच. १९८३च्या डॉस २.०पासून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत वाटणीच्या तक्त्याला ६४ बाइट मिळाले. एका नोंदीला १६ लागतात, म्हणून चार. आजच्या जीपीटी तक्त्यात सहसा १२८ नोंदी असतात.

यावर कुणी म्हणेल, लॉग साठवणारा व्हार फुगून भरला तरी वेगळ्या पार्टिशनमुळे बाकीचं यंत्र वाचतं. सर्व्हरवर हे खरंच आहे. घरच्या संगणकावर मात्र उलटा त्रास जास्त: रूटमध्ये जागा संपते आणि शेजारच्या पार्टिशनमध्ये शेकडो जीबी रिकामे पडून राहतात. होम वेगळं ठेवण्याचा आग्रह अधिक वजनदार आहे, कारण प्रणाली पुन्हा बसवताना फायली जागच्या जागी राहतात. तो मला मान्य आहे. पण डिस्कच निकामी झाली तर दोन्ही पार्टिशनं एकदम जातात, त्यामुळे वेगळ्या होमला बॅकअप समजणं ही घातक चूक आहे. शिवाय आता भिंतीऐवजी पडदाही चालतो: फेडोरा ३३ने २०२०मध्ये डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली स्वीकारली, तिच्यात रूट आणि होम वेगळे असूनही मोकळी जागा एकच असते. स्वॅपचं दुपटीचं गणित रॅम महाग होती तेव्हाचं. हायबरनेट करायचं असेल तर रॅमइतकी जागा ठेवावी, एरवी छोटी स्वॅप फाइल पुरते.

म्हणून नव्या डिस्कवर संगणक सुरू होण्यासाठी एक जीबीचं ईएफआय पार्टिशन करा, उरलेली सगळी जागा बीटीआरएफएसला द्या, आणि पहिला फोटो साठवण्याआधी बॅकअपसाठी दुसरी डिस्क आणा.