पायाचे ऐकायचे की दाबाचे?

गाडीमागचा लाल दिवा ब्रेक मारल्यावर लागतो एवढे सगळ्यांना ठाऊक असते. तो चालकाच्या पायामुळे लागतो की नळीतल्या तेलाच्या दाबामुळे, हा प्रश्न मात्र जुन्या गाडीला नवे ब्रेक बसवून झाल्यावर, दोन सुट्या वायरी हातात उरल्या की पडतो. १९२७ च्या अखेरीस फोर्डची मॉडेल ए आली, तेव्हा तिचे ब्रेक सळ्यांवर चालत आणि दिव्याचा स्विच त्या सळ्यांनाच जोडलेला असे. पाय हलला की दिवा लागे. तेलावर चालणारे ब्रेक ड्यूझेनबर्गने १९२१ मध्येच आणले होते. फोर्डने ते घ्यायला १९३९ उजाडले. तेलाचे ब्रेक रुळले तसा अनेक गाड्यांतला स्विच पेडल सोडून नळीच्या जोडावर जाऊन बसला. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि त्यामागे धातूची चकती असते, बाहेर वायरींसाठी दोन पाती. दाब वाढला की पडदा फुगतो आणि चकती दोन्ही टोकांना टेकते. त्याला बाहेरून दांडी नको, स्प्रिंग नको, जुळवाजुळव नको. आटे फिरवले की काम झाले. हा बदल रस्त्याच्या गरजेपेक्षा कारखान्याच्या सोयीचा होता, असे माझे मत आहे.

कारण या स्विचचे दोष त्याच्या घडणीतच आहेत. पाय हलका ठेवला तर पडदा फुगण्याआधीच गाडी मंदावू लागते, आणि स्विच जसा जुना होतो तसा तो जास्त दाब मागतो. बारा व्होल्टवर २१ वॅटचे दोन दिवे म्हणजे साडेतीन अँपिअर. हा सगळा प्रवाह त्या चिमुकल्या टोकांतून जातो, ठिणग्या पडतात, टोके काळी पडतात. पडदा झिरपू लागला तर दिव्यासाठी बसवलेली वस्तू ब्रेकच्याच मुळावर येते. तरीही हे सगळे चालून गेले, कारण तेलाची वाट एकच होती. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र वाटांचे ब्रेक सक्तीचे केले आणि खरी अडचण उभी राहिली. स्विच ज्या वाटेवर आहे तीच फुटली, तर गाडी दुसऱ्या वाटेवर थांबेल, पण मागे अंधारच. फोक्सवॅगनने बीटलच्या मास्टर सिलिंडरवर दोन स्विच लावले, प्रत्येक वाटेला एक. कोणताही लागला तरी दिवा पेटतो. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत दाबाचा स्विच होता. दोन वाटांच्या ब्रेकसोबत तो पेडलपाशी परतला. बीटलचा तोडगा चुकीचा नव्हता, पण एका दुखण्यावर दोन औषधे देण्यासारखा होता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. दाबाचा स्विच प्रामाणिक असतो; ब्रेक निकामी झाले तर पेडलचा स्विच उगीच दिवा लावून मागच्याला फसवतो. मला हे पटत नाही. मागच्या चालकाला समोरच्याच्या नळ्यांची तब्येत कळून काय करायचे? पुढे काहीतरी घडते आहे, एवढे त्याला लवकर कळायला हवे. नळी फुटल्याची बातमी गाडी चालवणाऱ्याची, तिची जागा डॅशबोर्डवर. दुसरा मुद्दा आजच्या विजेच्या गाड्यांचा. ब्रेकला पाय न लावताही त्या मंदावतात, म्हणून त्यांचा दिवा वेग किती झपाट्याने घटतो यावरही लागतो. तर्क उत्तम आहे, पण १९६५ च्या गाडीत तो वेग मोजणार कोण? तिथे सर्वांत आधी कळते ते पायालाच. उरला अस्सलपणा. पण ड्रम काढून डिस्क बसवल्यावर दोन पात्यांच्या स्विचसाठी अस्सलपणाचा हट्ट धरणे म्हणजे वाडा पाडून उंबरा जपण्यासारखे आहे.

तेव्हा ब्रेक बदललेत की जुन्या स्विचच्या त्याच दोन वायरी पेडलच्या स्विचपर्यंत वाढवा, मधे एक रिले टाका आणि रिकाम्या भोकाला त्याच आट्यांचे बूच बसवा. मग मागे कुणालातरी उभे करा आणि पेडल बोटाने दाबा. पॅड डिस्कला टेकण्याआधी दिवा लागला, तर जुळणी बरोबर आहे.