जुना घरगुती संगणक, आजचा डेस्कटॉप आणि आपली शिरोरेखा

मंडळी, जुन्या-नव्या संगणकांची तुलना निघाली की माणसं आधी आकडे मांडतात. मांडू, पण लवकर उरकू. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१च्या डिसेंबरात 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक आणला. त्याच्या मॉडेल बी मध्ये स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या साध्या डेस्कटॉपला १६ गीगाबाइट असते. भागाकार केला तर सव्वापाच लाख पट. आता सांगा, आपलं पत्रलेखन तितक्या पटींनी सुधारलंय का? (हशा)

हेच यंत्र निवडलं, कारण ते आपल्याकडेही आलं. १९८४-८५मध्ये भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात हीच यंत्रं शाळांत गेली.

रोजचा वापर म्हणजे पत्र, घरखर्चाचा हिशोब, एखादी यादी. बीबीसी मायक्रोचं बटण दाबलं की दोन सुरांची शिटी वाजायची आणि यंत्र तयार. थांबणं नाही, कारण सगळी व्यवस्था रॉममध्ये कायमची कोरलेली. पडद्यावर एक खूण दिसायची. तिच्यापुढे तुम्ही बेसिक भाषेत लिहायचं. ही बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेली. पुढे एआरएम प्रोसेसरची आज्ञावली त्यांनीच रचली, आणि त्याचे वंशज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. असो. विजेच्या बिलाची आकारणी तपासायची तर दहा ओळी पुरत. सोबत सुमारे पाचशे पानांचं पुस्तक यायचं आणि स्मृतीचा कुठला भाग कशासाठी वापरलाय, हेही त्यात छापलेलं असायचं.

पण गळे काढू नका. एका ओळीत ८० अक्षरं हवीत म्हटलं की निव्वळ पडद्यालाच किमान १६ किलोबाइट लागत, म्हणजे निम्मी स्मृती गेली. कॅसेटवरून २० किलोबाइट आणायला तीन मिनिटांच्या वर वेळ जाई. दीर्घ लेख लिहायचा तर तुकडे करावे लागत.

अठराव्या शतकातला इटालियन तत्त्वज्ञ विको म्हणतो की जे आपण घडवतो तेच आपण खरं जाणतो. त्या कसोटीवर जुनं यंत्र वरचढ दिसतं. चिकाटीचा माणूस ते मुळापासून समजून घेऊ शकत होता. आजच्या डेस्कटॉपच्या बाबतीत हे एकट्या माणसाला शक्य नाही. तो बनवणारे अभियंतेसुद्धा आपापला तुकडाच जाणतात.

मात्र इथे मराठी माणसाने थांबून एक प्रश्न विचारायला हवा. त्या पूर्ण समजणाऱ्या यंत्राला आपण समजत होतो का?

बीबीसी मायक्रोवर नवं अक्षर घडवता येई. आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट, प्रत्येक ओळीला एक आकडा. आठही ठिपके पेटवायचे तर आकडा २५५. म्हणजे आपली शिरोरेखा झाली २५५! छान वाटतं ना? पण पुढे पाहा. शिरोरेखेने एक ओळ खाल्ली. वर वेलांटी आणि मात्रा यांना दोन हव्यात, खाली उकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन. त्यात 'ण' बसवा, 'झ' बसवा. 'स्त्री' तर सोडूनच द्या. शिवाय अशी अक्षरं ठेवायला सहज मिळणाऱ्या जागा फक्त ३२. आपली व्यंजनंच त्यात मावत नाहीत.

रोमन लिपीत सुटी अक्षरं शेजारी मांडली की काम भागतं. आपली लिपी तशी नाही, ती अक्षरांना जोडते, वाकवते, पुढे-मागे करते. देवनागरी संगणकावर नीट यायला आयआयटी कानपूरपासून पुण्याच्या सी-डॅकपर्यंत बरीच वर्षं खर्ची पडली. १९९१मध्ये देवनागरी युनिकोडमध्ये आली. आज तुम्ही 'क्ष' टंकता तेव्हा यंत्राकडे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत जातात. ते जोडून एक आकार करायचे नियम फाँटमध्ये असतात, आणि ते लावणारा एक वेगळाच प्रोग्राम मधे बसलेला असतो. यातलं काहीच घरबसल्या दिसत नाही. ज्या थरांमुळे यंत्र आपल्याला अनोळखी झालं, त्यातल्याच काही थरांमुळे ते मराठी लिहायला शिकलं.

म्हणून 'जुनं यंत्र आपलं होतं' असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, कुठल्या लिपीत? इंग्लंडमधल्या घरात ते विधान बरंचसं खरं आहे. आपल्या शाळांत मुलांनी आधी इंग्रजी कळफलक शिकायचा आणि मग त्या यंत्राचा मालक व्हायचं, अशी अट होती.